उचल घेतली म्हणजे माणूस गहाण पडत नाही

दसरा सरला की परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूरच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यावर मुकादमाने दिलेली उचल आणि तिच्यापोटी बाँडपेपरवर उमटवलेला अंगठा. त्या कागदाची धास्ती एवढी, की त्याची ताकद नेमकी किती हे विचारायलाही कुणी धजत नाही.

“उचल फिटेपर्यंत टोळी सोडता येत नाही.” सगळ्यांत खोल रुजलेला आणि सगळ्यांत घातक समज हाच. उचलीचा साधा, सचोटीचा व्यवहार असेल तर उचल देणाऱ्याला दिवाणी कोर्टात पैसे मागता येतात. माणूस अडवून ठेवता येत नाही. उचलीच्या बदल्यात मजुराचं जाणं-येणं किंवा दुसरीकडे काम करण्याची मुभा काढून घेतली, किंवा त्याला किमान वेतनाहून कमी पैशांत राबवलं, तर ती वेठबिगारी होते. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने तिला बंदी आहे आणि १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने असं कर्जच संपुष्टात आणलं आहे. ते वसूल करता येत नाही. त्यापायी राबवून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे वेठबिगारीचं कर्ज आहे असं मजुराने म्हटलं, तर तसं नाही हे सिद्ध करण्याचा भार कर्ज देणाऱ्यावर असतो. अंगठ्याच्या कागदासमोर हतबल होणाऱ्या घरांना हे कुणीतरी ओरडून सांगायला हवं.

“टोळी सोडून आलं की फसवणुकीची केस होते.” पैसे घेतानाच बुडवायचा इरादा असेल, एकाच हंगामासाठी दोन मुकादमांची उचल मुद्दाम घेतली असेल, तर गुन्हा होऊ शकतो. अशा फसवणुकीत छोटे मुकादमही देशोधडीला लागतात, तेही खरं आहे. पण आजारपण, बाळंतपण किंवा मारहाण यामुळे काम अर्धवट सुटलं, तर तेवढ्याने फसवणूक होत नाही. सुरुवातीपासूनचा अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे.

अशा अडवणुकीला मानवी तस्करीचा कायदाही लागू होऊ शकतो, पण तस्करी म्हटलं की परदेशाची सीमा डोळ्यांपुढे येते. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. संयुक्त राष्ट्रांनी २००० साली त्यांच्यासाठी दोन वेगळे करार केले आणि भारताने २०११ मध्ये दोन्ही स्वीकारले. पैसे कमावण्यासाठी माणसांना चोरून सीमेपार नेणं हा एक गुन्हा. शोषणासाठी माणसाचा व्यापार करणं हा दुसरा. दुसऱ्याला सीमा लागतच नाही, पालमहून सांगलीपर्यंतचा प्रवासही पुरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार धमकी, जबरदस्ती, फसवणूक किंवा आमिष दाखवून शोषणासाठी माणसं भरती करणं, नेणं, ठेवून घेणं ही तस्करी आहे. शिक्षा किमान सात वर्षं. “ते तर स्वखुशीने आले होते” हा बचाव चालत नाही, कारण पीडिताची संमती गैरलागू आहे, असं कलमातच लिहिलं आहे.

याच कलमात आसरा देण्याचाही उल्लेख असल्याने चांगली माणसं बिचकतात. फडावरून पळालेलं जोडपं रात्री दारात आलं, त्यांना भाकरी दिली, एसटीत बसवलं, तर आपणच अडकू का? नाही. शोषणाचा हेतू आणि फसवणूक, जबरदस्ती, आमिष यांसारखा मार्ग, दोन्ही असल्याशिवाय हा गुन्हा घडत नाही. सीमेपार नेण्याच्या करारातही आर्थिक किंवा तत्सम भौतिक लाभ ही अट आहे. भुकेल्याला जेवू घालणं त्यात बसत नाही.

“तिकडे घडलं, तिकडेच तक्रार करा,” असं सांगून नातेवाइकांना परत पाठवलं जातं. मजूर कोल्हापुरात अडकला असला तरी गंगाखेडच्या ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. तो पुढे योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. कुणाला बेकायदा डांबून ठेवलं असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०० खाली दंडाधिकारी शोध वॉरंट काढू शकतात. वेठबिगारांची सुटका ही जिल्हाधिकाऱ्यांची जबाबदारी आहे. सुटकेनंतर मुक्ती प्रमाणपत्र मागून घ्या, पुनर्वसनाच्या मदतीसाठी ते लागतं. तस्करी किंवा वेठबिगारीला बळी पडलेल्याला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. परभणीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, १५१०० वर फोनही करता येतो.