पेसमेकरची जागा लाल झाली, तर वेळ घालवू नका

आमच्या वस्तीतील एका निवृत्त गिरणी कामगार काकांना पेसमेकर बसवून सहा वर्षे झाली होती. एके दिवशी खांद्याखालची ती जागा लाल होऊन सुजली. घरच्यांनी गळू समजून हळदीचा लेप लावला, दुकानातून गोळ्या आणल्या. महिना गेला, पू वाहू लागला. तेव्हा आम्ही त्यांना मोठ्या रुग्णालयात नेले. डॉक्टर म्हणाले, "डबी आणि तारा, सगळेच काढावे लागेल." काकू रडतच म्हणाल्या, "म्हणजे छाती फाडणार का?"

वाचकहो, ही भीती अनेक घरांत असते, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

पेसमेकरची डबी कातडीखाली असते व तिच्या तारा शिरेतून हृदयात गेलेल्या असतात. जंतू त्यांवर चिकट थर धरून बसतात. तिथे औषध नीट पोचत नाही. म्हणून नुसत्या गोळ्यांनी हा आजार मुळातून जात नाही. दुर्लक्ष केल्यास जंतू रक्तात व हृदयाच्या झडपांपर्यंत पोचून जीवावर बेतते.

जुन्या तारा शिरेला व हृदयाला चिकटतात. तरीही बहुतेक वेळा छाती उघडावी लागत नाही. डबीच्या जागीच छेद घेऊन तारेवरून पोकळ नळी सरकवतात. नळीच्या टोकाच्या लेसरने किंवा फिरत्या पात्याने चिकटलेला भाग सोडवून तार बाहेर काढतात. शीर किंवा हृदय फाटण्याचा धोका थोडा असला तरी असतो. म्हणून हृदयाचे सर्जन तयारीत असतील अशाच ठिकाणी हे करून घ्यावे.

जंतू गेल्यावर गरजेप्रमाणे दुसऱ्या बाजूला नवा पेसमेकर बसवतात. काही रुग्णांना मांडीच्या शिरेतून हृदयात सोडलेला बिनतारेचा छोटा पेसमेकरही चालतो.

शरीरात बसवलेला जगातील पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोम येथे आर्ने लार्सन यांना मिळाला. तो काही तासांतच बंद पडला. पुढे वीसहून अधिक पेसमेकर बदलत लार्सन २००१ पर्यंत जगले. यंत्र काढले म्हणजे आयुष्य संपले, असे नव्हे.

आमचे काकाही छाती न उघडता बरे होऊन घरी आले. महिना वाया गेला नसता, तर त्यांचे हाल कमी झाले असते.

म्हणून सांगतो, लाली, सूज, पू किंवा वारंवार ताप दिसताच पेसमेकर बसवणाऱ्या डॉक्टरांकडे जा. कुणालाही तिथे सुई घालून पू काढू देऊ नका. पेसमेकरचे कार्ड व रेशनकार्ड सोबत ठेवा, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून काय मिळेल, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. विचारण्यात लाज कसली?