खारं पाणी आणि ट्रेलरचा ब्रेक

उन्हाळ्यात साउदॅम्प्टन, पूल किंवा पोर्ट्समथच्या बाजूला गेलात, तर हे दृश्य तुम्ही बघितलं असेल. एखादी गाडी मागे मागे येत समुद्राच्या काठावर पोचते. तिच्या मागे ट्रेलर, ट्रेलरवर होडी. पाण्यात उतरणाऱ्या काँक्रीटच्या उताराला इथे स्लिपवे म्हणतात. त्यावरून ट्रेलरची चाकं पाण्यात जातात, होडी तरंगायला लागते आणि रिकामा ट्रेलर निथळत वर येतो. आपण सगळे होडीकडे बघत राहतो. आज त्या निथळणाऱ्या ट्रेलरकडे बघू, कारण त्याच्या चाकांत ब्रेक असतात, आणि ब्रेकचं आणि खाऱ्या पाण्याचं अजिबात पटत नाही.

मी कॉम्प्युटरवाला माणूस. हे सगळं मला एका मित्रामुळे कळलं. त्याने आणि अजून एका कुटुंबाने मिळून एक जुनी होडी घेतली, ट्रेलरसकट. सप्टेंबरमध्ये शेवटची फेरी झाली. ट्रेलर घरासमोर उभा केला, हँडब्रेक ओढला आणि त्याच्याकडे बघितलं ते थेट एप्रिलमध्ये. डावं चाक फिरेना! गाडीने जरा ओढून बघितलं, तर चाक फिरायच्या ऐवजी घासत गेलं आणि फरशीवर काळा पट्टा उमटला. तिसऱ्या झटक्याला आतून ‘टक्’ असा आवाज आला आणि चाक मोकळं झालं. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या चुकीच्या होत्या, पण ते कळायला आधी हा ब्रेक चालतो कसा ते बघायला हवं.

गाडीत आपण ब्रेकवर पाय देतो, पण त्या पायाचा जोर या ट्रेलरच्या चाकांपर्यंत पोचत नाही. मग ब्रेक लागतो कसा? बस अचानक थांबली की उभे असलेले प्रवासी पुढे ढकलले जातात, तसंच इथे होतं. गाडी हळू झाली की मागचा ट्रेलर तिला ढकलतो. त्यामुळे जोडणीतला दांडा आत सरकतो. तो ट्रेलरच्या खालची सळई ओढतो, सळई केबल ओढते आणि केबल चाकाच्या आतले दोन ब्रेक शू फाकवते. हे शू चंद्रकोरीच्या आकाराचे असतात. त्यांच्यावर लायनर चिकटवलेलं असतं. चाकाबरोबर एक ड्रम फिरतो, म्हणजे ओतीव लोखंडाचं पसरट भांडंच. लायनर त्याला आतून घासतं आणि चाक थांबतं.

ब्रिटनमध्ये ट्रेलरचं सामानासकट कमाल वजन ७५० किलोपेक्षा जास्त असेल, तर ब्रेक सक्तीचे आहेत. १६ डिसेंबर २०२१ पासून गाडीचं साधं लायसन्स असणाऱ्यांना ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर वेगळी परीक्षा न देता ओढता येतो. गाडीला तीन वर्षांनंतर दरवर्षी एमओटीची तपासणी लागते, पण अशा ट्रेलरला ती लागत नाही. म्हणजे ड्रमच्या आत काय चाललंय हे बघणारा मालकाशिवाय दुसरा कोणी नाही. मला हे जरा विचित्रच वाटतं.

आता गंज. शाळेत आम्हाला तीन परीक्षानळ्यांचा प्रयोग होता: एका खिळ्याला फक्त कोरडी हवा, दुसऱ्याला उकळलेलं पाणी आणि वर तेलाचा थर, तिसऱ्याला हवा आणि पाणी दोन्ही. गंजायचा फक्त तिसरा. मिठामुळे हे काम अजून वेगाने होतं. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पाणी उडून गेलं तरी मीठ मागे राहतं, हवेतली ओल धरून ठेवतं आणि गंज चालूच राहतो. कोकणात समुद्राजवळच्या घरांत खिडकीचे गज कसे खाल्ले जातात, ते आजीकडे गेलात की बघा. ट्रेलरच्या सांगाड्यावर गंज टाळण्यासाठी जस्ताचा थर देतात. ड्रमच्या आतल्या बाजूला तो देता येत नाही, कारण तिथे तर घासायचंच असतं! शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. हँडब्रेक ओढलेला असेल, तर शू महिनोन् महिने ड्रमला टेकून राहतात आणि गंज दोघांना जोडून टाकतो.

तो ‘टक्’ आवाज याचाच होता. आमच्या टाळ्या ऐकून शेजारचे निवृत्त मेकॅनिक आजोबा आले आणि म्हणाले, “आधी ड्रम उघडा.” उघडला, तर लायनर शूवरून सुटून ड्रमला चिकटलेलं! चाक मोकळं झालं होतं, पण त्या चाकाला ब्रेक उरलाच नव्हता. तसेच मोटारवेवर गेलो असतो, तर जोरात ब्रेक मारल्यावर ट्रेलर एका बाजूला ओढला गेला असता. अजून एक गोष्ट आहे. गाडी आणि ट्रेलर यांच्यामध्ये एक बारीक पोलादी केबल असते. ट्रेलर चुकून सुटलाच, तर ती केबल त्याचा हँडब्रेक ओढते आणि मग तुटते. पण ब्रेकच सडलेला असेल तर ती ओढून काय करणार?

आजोबांनी काम नीट करून घेतलं. ट्रेलर फक्त जॅकवर ठेवायचा नाही, खाली भक्कम स्टँड लावायचे. ब्रेकमधली धूळ फुंकायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून मास्क लावून ओल्या फडक्याने पुसायची. शू दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे. आणि ॲडजस्टमेंट आधी चाकापाशी, मग केबलची. बरेच जण नुसती केबल ताणतात. त्याने हँडब्रेक घट्ट लागल्यासारखा वाटतो, झीज मात्र लपून राहते.

हे सगळं टाळता येतं का? बऱ्यापैकी. लांबून आल्यावर चाकाचा मधला भाग तापलेला असतो. तो लगेच थंड पाण्यात गेला, तर आतली हवा आकसते आणि बेअरिंगमध्ये पाणी ओढलं जातं. म्हणून आधी तो हाताला गार लागेपर्यंत थांबायचं (तेवढ्यात आमचा पोह्यांचा डबा संपतो). होडी काढल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवायचं. बाहेरून पाईप मारून ड्रमच्या आत पाणी पुरेसं जात नाही. त्यासाठी ड्रमच्या मागे पाईप जोडायची नळी बसवून मिळते. धुतल्यावर थोडं अंतर जाऊन हलके ब्रेक मारायचे, म्हणजे आतला भाग वाळतो. आणि घरासमोर सपाट जागेत ट्रेलर ठेवताना चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावायचे आणि हँडब्रेक सोडून द्यायचा.

मित्राने आता हँडब्रेकच्या दांड्याला एक पिवळी चिठ्ठी बांधली आहे. त्याच्या मुलीने त्यावर मराठीत लिहिलंय: “बाबा, ठोकळे लावले का?” शेजारच्या आजोबांनी तिच्याकडून ते वाचून घेतलं आणि आता तेही येता-जाता “ठोकळे?” असं विचारतात.