मंगळ कोणाच्या घरात?

गोष्ट १९९४ सालची. उन्हाळा तोंडावर आला होता, लग्नसराईची गडबड सुरू झाली होती. बिलोलीला आमच्या जुन्या घराच्या ढाळजेत मी शाळेचे पेपर तपासत बसलो होतो. एक बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. वय सत्तेचाळीस, पण साठीच्या दिसत होत्या. हातात जुन्या वहीचा घडी घातलेला कागद. मी ओळखले आणि मनातून चरकलो.

"गुरुजी, भाचीची पत्रिका आहे," त्या म्हणाल्या, "बघायला नाही आणली. जुळते म्हणून लिहून द्या. तवा बी तुम्हीच लिहिलं होतं, आता हे बी तुम्हीच लिहा."

"तवा" म्हणजे १९६६. त्या एका शब्दासाठी हा लेख लिहीत आहे. आज माझे वय ऐंशीच्या पुढे आहे आणि या गोष्टी आता बोलून टाकलेल्या बऱ्या.

आमचे घराणे ग्रामजोश्याचे. आजोबांना आम्ही आबा म्हणत असू. पहाटे उठावे, विहिरीवर स्नान करावे आणि पंचांग उघडून तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही दिवसाची पाच अंगे मोठ्याने वाचावीत, असा त्यांचा नेम. त्यानंतर पाव घटका ते काहीही न बोलता बसत. मी एकदा विचारले, "आबा, आता काय करता?" म्हणाले, "आजचा दिवस आपल्या मालकीचा नाही, एवढं ध्यानात घेतो." १९६२ च्या फेब्रुवारीत अष्टग्रही झाली. आठ ग्रह मकर राशीत एकत्र आले आणि जग बुडणार म्हणून देशभर यज्ञ झाले. लोक आमच्याकडे धावत आले. आबांनी त्या दिवशीही नेहमीचेच पंचांग वाचले, नेहमीइतकेच गप्प बसले आणि मग गुरांना वैरण घातली.

हा वारसा मी आजही सांभाळला आहे. पहाटेचे ते वाचन आणि ते गप्प बसणे, हीच माझी साधना. ज्यांना ज्योतिष म्हणजे केवळ थोतांड वाटते त्यांना हे पटणार नाही. त्यांच्याशी माझे भांडण नाही. आकाशाकडे बघून स्वतःचे लहानपण ओळखणे ही वाईट सवय नव्हे. प्रश्न पुढे येतो. आपण तेच पंचांग दुसऱ्याच्या घरावर उघडतो तेव्हा.

गुरं सुटायची वेळ

१९६६ साली मी बावीस वर्षांचा होतो. नवा मास्तर आणि हौशी जोतिषी. आबांची नजर अधू झालेली, म्हणून पत्रिका जुळवण्याचे काम माझ्याकडे आले. गावातल्या एका शेतकरी घरची मुलगी, वय एकोणीस. स्थळ चांगले होते. मुलाकडचे मला म्हणाले, "मंगळ तेवढा बघा."

मुलीचा जन्म निजामी अमलातला. शाळेच्या दाखल्यावर फसली १३५६ साल, म्हणजे इसवी १९४६-४७. घरात घड्याळ नव्हते. जन्मवेळ विचारली तर तिची आजी म्हणाली, "गुरं सुटायच्या वेळी." मी सकाळचे साडेसहा धरले. लग्नरास काढली, मंगळ सातव्या स्थानात पडला. कागदावर "मंगळ आहे" असे दोन शब्द लिहिले. स्थळ मोडले.

यातले गणित वाचकांनी समजून घ्यावे असे आहे. मंगळ एका राशीत साधारण दीड महिना राहतो. लग्नरास मात्र सरासरी दर दोन तासांनी बदलते. म्हणजे एकाच दिवशी जन्मलेल्या मुलांच्या पत्रिकांत तोच मंगळ चोवीस तासांत बाराही स्थानांतून फिरून येतो. त्या मुलीचा जन्म साडेसात-आठचा धरला असता तर मंगळ सहाव्या स्थानी गेला असता आणि पत्रिका निर्दोष ठरली असती. गुरं साडेसहाला सुटतात की आठला? ते गुराख्यावर अवलंबून.

आणखी एक हिशेब. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या आणि बाराव्या स्थानी मंगळ असला की दोष धरतात. बारांपैकी पाच स्थाने. अपवाद बाजूला ठेवले तर शंभरातली चाळीसएक माणसे मंगळाची निघतात. दक्षिणेकडे अनेक ठिकाणी दुसरे स्थानही धरतात. आमच्या बिलोलीकडच्या सोयरिकी मांजरेपलीकडे बोधनच्या बाजूला होतात. तेव्हा अलीकडे निर्दोष असलेली मुलगी नदी ओलांडली की सदोष होऊ शकते. नदीच्या पाण्याने ग्रह बदलतो, असे कुठल्या ग्रंथात लिहिले आहे?

मोडलेल्या स्थळाची बातमी गावोगाव गेली. दोन वर्षांनी त्या मुलीचे लग्न बिजवराशी झाले. नवरा तिच्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठा, दम्याने खंगलेला. १९७६ मध्ये तो वारला. गाव म्हणाले, "बघा, जोश्याचं खरं झालं." मला अभिनंदन केल्यासारखे ते सांगितले गेले. त्या रात्री मला झोप लागली नाही. तिचे कुंकू वयाने आणि दम्याने पुसले होते. पण त्या वयाच्या आणि त्या छातीच्या माणसाच्या दारात तिला कोणी नेऊन उभे केले? माझ्या दोन शब्दांनी. भाकीत खरे ठरले नव्हते, भाकिताने स्वतःला खरे करून घेतले होते. त्या दिवसापासून मी दुसऱ्याची पत्रिका हातात घेणे बंद केले.

छत्तीस गुणांत दडलेले

अपराधी मनाने मी मग जुन्या पोथ्या पुन्हा वाचल्या. छत्तीस गुण कसे होतात? वर्णाचा एक, वश्याचे दोन, तारेचे तीन, योनीचे चार, ग्रहमैत्रीचे पाच, गणाचे सहा, राशिकूटाचे सात, नाडीचे आठ. पहिलाच गुण वर्णाचा. कर्क, वृश्चिक, मीन या ब्राह्मण राशी. मेष, सिंह, धनू क्षत्रिय. वृषभ, कन्या, मकर वैश्य. मिथुन, तूळ, कुंभ शूद्र. आणि नियम असा की मुलाचा वर्ण मुलीच्या बरोबरीचा किंवा वरचा हवा. मुलगी वरचढ नको. मूळ नक्षत्राची मुलगी सासऱ्याला वाईट, आश्लेषाची सासूला, ज्येष्ठाची थोरल्या दिराला, विशाखाची धाकट्या दिराला. ही भीती मुलीच्याच नक्षत्राला चिकटवलेली. जावयाच्या नक्षत्राने सासू दगावते की काय, याची चौकशी करणारे घर मी पाहिले नाही.

गंमत अशी की आबांची रास तूळ. म्हणजे पत्रिकेप्रमाणे गावचा जोशी शूद्र वर्णाचा! आणि माझ्या वर्गातला, वेशीबाहेरच्या वस्तीतला एक मित्र कर्क राशीचा, म्हणून तो ब्राह्मण. लहानपणी मी हे आबांना दाखवले. ते हसले नाहीत. "ते पत्रिकेपुरतं," एवढेच म्हणाले. त्या मित्राचे वडील मुहूर्त विचारायला आले की ढाळजेखाली अंगणात उभे राहत आणि आबा वरून तिथी सांगत. माझ्या देवभोळ्या, निर्मळ आजोबांना पहाटे दिवस आपल्या मालकीचा नाही हे कळत होते. ढाळजही नाही, हे मात्र कळले नाही. साधना आणि न्याय एका घरात राहूनही एकमेकांना न भेटता आयुष्य काढू शकतात, ते असे.

जोतीराव फुल्यांनी हे फार आधी ओळखले होते. १८५५ साली लिहिलेल्या 'तृतीय रत्न' नाटकात एक जोशी गरोदर कुणबी बाईला पोटातल्या बाळावर ग्रहांचे संकट असल्याची भीती घालतो आणि ग्रहपूजेच्या नावाने ते गरीब जोडपे खर्चात बुडते. शेवटी नवरा-बायको शिकायला निघतात. माझ्या बाबतीत फरक एवढाच होता की मी दक्षिणा घेतली नव्हती. त्यामुळे आपण निर्दोष आहोत असे मला दहा वर्षे वाटत राहिले.

बोट कोणाकडे?

भीतीपेक्षाही वाईट असे आणखी एक काम ग्रहांकडून करून घेतले जाते. ग्रहाकडे बोट दाखवले की माणसाकडे दाखवायचे राहून जाते. शनी आपल्या राशीच्या मागे, राशीत आणि पुढे असला की साडेसाती. बारांपैकी तीन राशी कायम तिच्यात असतात, म्हणजे कोणत्याही दिवशी चारांतला एक माणूस साडेसातीत आहे. आमच्या भागात सोयाबीनचा भाव पडला, सावकाराचे व्याज चढले, की कोणीतरी शेतकऱ्याच्या कानाशी म्हणतेच, "साडेसाती आहे, तेल वाहा." तेल वाहून मनाला आधार मिळत असेल तर मी अडवणार नाही. पण व्याजाचा दर शनी ठरवत नाही.

१९७८ मध्ये नामांतराच्या प्रश्नावर मराठवाड्यात दलितांची घरे जळाली. आमच्याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे मारले गेले. त्या घरांवर ग्रह कोपले नव्हते, शेजारी कोपले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. तो कोणी घडवला नाही हे खरे. पण माणसे मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली. त्यांची दुरुस्ती पूजेने होत नाही.

शास्त्र म्हणून ज्योतिष कसोटीला उतरते का, याचीही परीक्षा महाराष्ट्रातच झाली. डॉ. जयंत नारळीकर, प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या आणि जोतिषांना त्या ओळखायला दिल्या. उत्तरे पाठवणाऱ्या सत्तावीस जणांची सरासरी सेहेचाळीस टक्के आली. नाणे उडवले असते तरी पन्नासच्या आसपास आली असती. हा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यातही जोतिषांचा, अगदी नंदीबैलवाल्यांचाही सल्ला गुन्ह्याबाहेर ठेवला आहे. कायद्याने कुंपण घातले नाही, तेव्हा ते ज्याचे त्यानेच घालायचे.

माझे कुंपण साधे आहे. पत्रिका उघडताना मी विचारतो, याची किंमत कोण भरणार? माझ्या पत्रिकेतला मंगळ बघून मी माझा राग आवरला, शनी बघून धीर धरला, तर किंमत मी भरली. ती उपासना. माझ्या कागदाची किंमत दुसऱ्याच्या मुलीने भरली, तर तो अन्याय. मग मी कितीही सोवळ्यात असेना का.

आता त्या कागदाचे सांगतो. भाचीचा जन्म १९७२ च्या दुष्काळातला, घरीच झालेला. वेळ "दिवे लागायच्या सुमारास". मुलगा बोधनकडचा. मांडून पाहिले तर मंगळ दुसऱ्या स्थानी, म्हणजे नेमका नदीपलीकडचा दोष. बाई समोर बसून होत्या. जुळते असे लिहावे तर ते खोटे. नाही लिहावे तर १९६६ पुन्हा. बराच वेळ पेन हातात धरून बसलो आणि मग लक्षात आले की खरे लिहायचे मी तेव्हाच चुकलो होतो. मी लिहिले: "जन्मवेळ खात्रीची नाही. त्यामुळे मंगळाचा निर्णय कोणालाही करता येणार नाही. मुलाला आणि मुलीला एकमेकांची पसंती असल्यास लग्न करावे."

बाईंनी भाचीकडून शिकलेल्या अक्षरओळखीने ते सावकाश वाचले. म्हणाल्या, "एवढंच तवा लिहिलं असतं तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. त्या उठल्या, कागद पदराच्या टोकाला बांधला आणि निघून गेल्या.

लग्न झाले. संसार कसा झाला, हे मात्र सांगणार नाही. चांगला झाला म्हटले तर तुम्ही माझ्या चिठ्ठीला श्रेय द्याल, आणि नाही म्हटले तर मंगळाला.