स्वाक्षरी आणि विश्वास : कर्नल ड्रायव्हरमधील अधिकारवृद्धीचे दोष

बीजशब्द : कार्यप्रणाली, कर्नल, ड्रायव्हर, अधिकारवृद्धी, डिजिटल स्वाक्षरी, संगणक सुरक्षितता

१. प्रस्तावना

संगणकाच्या सुरक्षिततेचा विचार करताना सामान्यतः विषाणू, चोरीला गेलेले पासवर्ड आणि फसवे ई-मेल यांचाच विचार केला जातो. प्रिंटर, ध्वनियंत्रणा किंवा ग्राफिक्स कार्ड चालविणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या छोट्या आज्ञावलींकडे फारसे लक्ष जात नाही. या आज्ञावली नामांकित उत्पादकांनी तयार केलेल्या असतात आणि त्यांच्यावर डिजिटल स्वाक्षरीही असते; त्यामुळे त्या सुरक्षित आहेत असे गृहीत धरले जाते. गेल्या दशकातील अनेक घटनांनी हे गृहीतक फोल ठरविले आहे. स्वाक्षरी ही ड्रायव्हर कोणी तयार केला याची ग्वाही असते. तो निर्दोष आहे याची नव्हे. हा भेद का महत्त्वाचा आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. कर्नल आणि अधिकारांचे स्तर

कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. मेमरीचे वाटप, आज्ञावलींचे नियंत्रण आणि यंत्रसामग्रीशी होणारा सर्व व्यवहार त्याच्यामार्फत चालतो. इंटेलच्या १९८२ मधील ८०२८६ या प्रोसेसरमध्ये अधिकारांचे शून्य ते तीन असे चार स्तर होते आणि पुढील प्रोसेसरमध्येही ते कायम राहिले. विंडोज आणि लिनक्स या कार्यप्रणाली मात्र त्यांपैकी दोनच स्तर प्रामुख्याने वापरतात. कर्नल शून्य स्तरावर चालतो, तर वापरकर्त्याच्या सर्व आज्ञावली तिसऱ्या स्तरावर चालतात. तिसऱ्या स्तरावरील आज्ञावलीला दुसऱ्या आज्ञावलीच्या किंवा कर्नलच्या मेमरीला थेट हात लावता येत नाही. तिला कर्नलकडे विनंती करावी लागते आणि ती मान्य करावी की नाही हे कर्नल ठरवितो.

बहुसंख्य ड्रायव्हर कर्नलचा भाग म्हणून शून्य स्तरावरच चालतात. त्यामुळे ड्रायव्हरमधील चूक ही प्रत्यक्षात कर्नलमधील चूक ठरते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा ड्रायव्हरला मिळालेल्या सदोष माहिती-फाइलमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. तेथे कोणताही हल्ला झालेला नव्हता. परंतु या स्तरावरील एका चुकीचे परिणाम किती व्यापक असतात, हे त्यातून दिसून आले.

३. दोषाचे स्वरूप

वापरकर्त्याच्या आज्ञावलीला ड्रायव्हरकडून काम करून घ्यावयाचे असल्यास ती एक विनंती पाठविते. विंडोजमध्ये या विनंतीस ‘आयओसीटीएल’ म्हणतात. विनंतीत कामाचा सांकेतिक क्रमांक व त्यासाठी लागणारी माहिती असते. येथे ड्रायव्हरने दोन गोष्टी तपासणे अपेक्षित असते : विनंती करणाऱ्यास तसा अधिकार आहे काय आणि दिलेली माहिती योग्य मर्यादेत आहे काय. या दोहोंपैकी एक जरी तपासणी राहून गेली, तरी अधिकारवृद्धीचा मार्ग खुला होऊ शकतो.

कार्यालयातील ज्या लिपिकाकडे अभिलेखागाराची किल्ली आहे, त्याने चिठ्ठी आणणाऱ्याची ओळख न विचारता चिठ्ठीतील मजकुराप्रमाणे कोणतीही नोंद बदलून दिली, तर अभिलेखागाराच्या कुलपाला अर्थ उरत नाही. येथे लिपिक अप्रामाणिक नसतो. तो केवळ प्रश्न विचारीत नाही. सदोष ड्रायव्हरची स्थिती नेमकी अशीच असते.

या स्थितीचा लाभ कसा घेतला जातो, हेही पाहणे आवश्यक आहे. विंडोजमध्ये प्रत्येक चालू आज्ञावलीच्या अधिकारांची नोंद कर्नलच्या मेमरीत ठेवलेली असते. तिला टोकन म्हणतात. कर्नलच्या मेमरीत हव्या त्या ठिकाणी लिहिण्याची सोय एखाद्या ड्रायव्हरने करून दिली, तर हल्लेखोर स्वतःच्या आज्ञावलीचे टोकन बदलून घेतो. त्यानंतर त्या आज्ञावलीस कार्यप्रणालीचे सर्वोच्च अधिकार प्राप्त होतात.

४. डेलच्या ड्रायव्हरचे उदाहरण

डेल कंपनीचा ‘डीबी-युटिल २.३’ हा ड्रायव्हर या दोषाचे बोलके उदाहरण आहे. संगणकाचे फर्मवेअर अद्ययावत करण्याच्या साधनांबरोबर २००९ पासून तो वितरित होत होता. सेंटिनेलवन या सुरक्षा संस्थेच्या संशोधकांना त्यात पाच दोष आढळले. त्यांपैकी चार अधिकारवृद्धीस कारणीभूत होणारे होते, तर पाचवा संगणक बंद पाडू शकणारा होता. मूळ त्रुटी अशी, की कोणताही सामान्य वापरकर्ता या ड्रायव्हरला विनंती पाठवू शकत असे. आणि मेमरीत कोठून वाचावे व कोठे लिहावे, हेही विनंती करणाराच ठरवू शकत असे. डिसेंबर २०२० मध्ये संशोधकांनी कंपनीस याची माहिती दिली आणि ४ मे २०२१ रोजी ती जाहीर झाली. या दोषांना दहापैकी ८.८ इतका तीव्रतांक देण्यात आला. कंपनीने सुधारित ड्रायव्हर आणि जुना काढून टाकण्याचे साधन उपलब्ध करून दिले.

येथे प्रकरण संपावयास हवे होते. परंतु तसे झाले नाही. ‘लॅझरस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हल्लेखोर गटाने त्याच वर्षी हाच जुना ड्रायव्हर वापरल्याचे ईसेट या संस्थेने २०२२ मध्ये उघड केले. नेदरलँड्समधील एका विमान-अवकाश कंपनीचा कर्मचारी आणि बेल्जियममधील एक राजकीय पत्रकार हे त्याचे लक्ष्य होते. हल्लेखोरांनी हा ड्रायव्हर स्वतःबरोबर आणला, तो संगणकावर बसविला आणि त्याच्या साहाय्याने विंडोजमधील देखरेखीच्या यंत्रणा निष्प्रभ केल्या. म्हणजे ज्या संगणकावर हा ड्रायव्हर कधीच नव्हता, तोही सुरक्षित राहिला नाही. या पद्धतीस ‘ब्रिंग युवर ओन व्हल्नरेबल ड्रायव्हर’, अर्थात ‘स्वतःचा सदोष ड्रायव्हर सोबत आणणे’, असे म्हटले जाते.

५. डिजिटल स्वाक्षरीची मर्यादा

विंडोज व्हिस्टाच्या ६४-बिट आवृत्तीपासून कर्नल ड्रायव्हरवर डिजिटल स्वाक्षरी अनिवार्य करण्यात आली. त्यामुळे निनावी ड्रायव्हरना आळा बसला, हे निर्विवाद आहे. मात्र स्वाक्षरी असलेला प्रत्येक ड्रायव्हर विश्वासार्ह ठरू लागला. २०१६ मध्ये कॅपकॉम कंपनीने ‘स्ट्रीट फायटर ५’ या खेळाबरोबर एक ड्रायव्हर दिला. खेळातील फसवणूक रोखणे हा त्याचा हेतू होता. प्रत्यक्षात तो प्रोसेसरचे एक संरक्षण तात्पुरते बंद करून वापरकर्त्याने दिलेल्या सूचना कर्नलच्या अधिकाराने चालवीत असे. आक्षेप येताच कंपनीने तो मागे घेतला. २०१९ मध्ये एक्लिप्सियम या संस्थेने किमान २० उत्पादकांच्या ४० हून अधिक ड्रायव्हरमध्ये अशा प्रकारचे दोष दाखवून दिले. २०२० मध्ये ‘रॉबिनहूड’ या खंडणीखोर आज्ञावलीने गिगाबाइटच्या जुन्या ड्रायव्हरचा वापर करून सुरक्षा सॉफ्टवेअर बंद पाडल्याचे सोफोस या संस्थेने निदर्शनास आणले. त्या ड्रायव्हरमधील दोष २०१८ पासूनच ज्ञात होता. तथापि त्याची स्वाक्षरी वैधच होती.

स्वाक्षरी रद्द का केली जात नाही, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उपस्थित होतो. एकाच प्रमाणपत्राने उत्पादकाच्या अनेक फाइलींवर स्वाक्षरी केलेली असते. ते रद्द केल्यास निर्दोष ड्रायव्हरही नाकारले जातात आणि ग्राहकांची यंत्रे बंद पडू शकतात. विश्वास देणे सोपे असते. तो परत घेणे कठीण असते.

६. उपाययोजना व त्यांच्या मर्यादा

मायक्रोसॉफ्टने सदोष ड्रायव्हरची प्रतिबंधित यादी तयार केली असून विंडोज ११ च्या २०२२ मधील आवृत्तीपासून ती आपोआप लागू होते. मात्र यादीत समावेश होण्यापूर्वी दोष उघडकीस यावा लागतो. शिवाय एखादा ड्रायव्हर रोखल्याने यंत्रच बिघडण्याचा संभव असल्याने प्रत्येक सदोष ड्रायव्हर यादीत येईलच असे नाही.

येथे दोन परिस्थितींमध्ये भेद करणे आवश्यक आहे. सदोष ड्रायव्हर आधीच कार्यरत असेल, तर सामान्य वापरकर्ताही त्याचा गैरफायदा घेऊ शकतो. तो बाहेरून आणून बसवावयाचा असेल, तर मात्र प्रशासकाचे अधिकार लागतात. प्रशासक आणि कर्नल यांच्यातील सीमेस मायक्रोसॉफ्ट सुरक्षेची सीमा मानीत नाही. म्हणून प्रशासकाचे अधिकार कोणाकडे आहेत, हा प्रश्न कळीचा ठरतो. महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांतही हाच प्रश्न लागू पडतो. विद्यार्थ्यांनी व प्राध्यापकांनी दैनंदिन कामासाठी सामान्य खाते वापरणे, निरुपयोगी झालेली उत्पादकांची साधने काढून टाकणे आणि विंडोजमधील ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुविधा चालू ठेवणे हे उपाय विनाखर्च करता येण्याजोगे आहेत.

७. समारोप

उपरोक्त उदाहरणांतील उत्पादकांचा हेतू वाईट नव्हता. फर्मवेअर अद्ययावत करणे किंवा खेळातील फसवणूक थांबविणे ही कामे उपयुक्तच होती. दोष होता तो कामापेक्षा अधिक अधिकार देण्यात आणि विनंती करणाऱ्याची पात्रता न तपासण्यात. त्यामुळे ड्रायव्हरची पारख करताना तो कोणाचा आहे यापेक्षा तो कोणाच्या सांगण्यावरून काय करू शकतो, हे पाहणे अधिक आवश्यक आहे. संगणकशास्त्राच्या अध्यापनातही कर्नलच्या रचनेबरोबर या प्रश्नाला स्थान मिळावयास हवे.