सीआरसी बरोबर, तरी उत्तर मघाचंच!

आजचा भाग एका बगचा. प्रवासात ऐकणाऱ्यांसाठी हे लिखित रूप.

नारायणगावजवळ काकांची द्राक्षबाग आहे. तिथे मी मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर बसवला. आरएस-४८५ची वायर, मॉडबस आरटीयू, ९६०० बॉड. कंट्रोलर दर अर्ध्या तासाने ओलावा विचारतो आणि त्यावरून ठिबकची मोटर चालू-बंद करतो. काढणी तोंडावर आली होती. या दिवसांत पाणी जास्त झालं की मणी तडकतात. आणि काकांचा फोन आला, "अरे, बाग भिजलीय, तरी तुझं यंत्र पाणी सोडतंय!"

लॉग पाहिला. सकाळी एक टाइमआउट, नंतर सगळं ओके. सीआरसी बरोबर. मग सेन्सरपाशी तांब्याभर पाणी ओतलं आणि रीडिंग घेतलं. आकडा जुनाच! लगेच दुसरं घेतलं, तेव्हा कुठे तो वाढला. म्हणजे प्रत्येक उत्तर एक पाऊल मागे होतं.

असं कसं? समजा, तुम्ही मित्राला मेसेज केला, "मंचरला कांदा काय भाव?" उत्तर नाही. मग विचारलं, "नारायणगावला टोमॅटो काय भाव?" तेवढ्यात कांद्याचं उत्तर आलं, नुसता आकडा. तुम्ही तो टोमॅटोचा धरला. आकडा खरा, पण प्रश्न दुसराच.

इथे तेच झालं. ड्रायव्हर २०० मिलिसेकंद थांबून निघून गेला. सेन्सरचं उत्तर त्यानंतर आलं आणि त्याचे ७ बाइट रिसीव्ह बफरमध्ये पडून राहिले. पुढचा प्रश्न गेल्यावर ड्रायव्हरने तेच उचलले. ताजं उत्तर मागून आलं, ते पुढच्या वेळेसाठी पडून राहिलं. साखळी सुरूच!

सीआरसी फक्त एवढंच सांगतो की बाइट वाटेत बिघडले नाहीत. ते कधीचे आहेत, हे तो सांगत नाही. मॉडबस टीसीपीत प्रत्येक प्रश्नाला क्रमांक असतो आणि तोच उत्तरात परत येतो. आरटीयूत तो नाही. रजिस्टरचा नंबरसुद्धा उत्तरात येत नाही.

उपाय तीन.

१. प्रश्न पाठवण्याआधी रिसीव्ह बफर रिकामा करा. लिनक्सवर टीसीफ्लश आहे. मायक्रोकंट्रोलरवर हार्डवेअरचा फिफो आणि तुमचा रिंग बफर, दोन्ही साफ करा. एकच केला तर बग तिथेच लपतो.

२. टाइमआउटनंतर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. उशिराचं उत्तर साफसफाईनंतरही येऊ शकतं. लाइन शांत होऊ द्या, मग बफर साफ करा.

३. प्रत्येक आकड्यासोबत वेळ ठेवा. उत्तर आलं नाही तर "माहिती नाही" म्हणा आणि मोटर बंद ठेवा. जुना आकडा पुढे ढकलू नका.

फ्लशची ओळ एकच होती. पण डेस्कवर सेन्सर नेहमी वेळेत बोलायचा, म्हणून ती कधी आठवलीच नाही. आता मी टेस्ट करताना मुद्दाम उत्तर उशिरा पाठवतो. तुम्हीही एकदा करून बघा. भेटू पुढच्या भागात!