काट्यावरील आकडे आणि मालाचे खरे वजन

झरी, तलासरी, डहाणूकडील भात व चिकू आता विजेच्या काट्यावरही तोलले जातात. काट्यावर ग्रॅमपर्यंत आकडा दिसला म्हणजे वजनही ग्रॅमपर्यंत बिनचूक झाले, असा समज कित्येक शेतकरी बंधूंचा असतो. तो रास्त नाही. त्याचे कारण येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

तबकाखाली लोड सेल नावाचा धातूचा ठोकळा असतो. भाराने तो किंचित वाकतो व त्यातून अल्पसा विद्युत्-दाब मिळतो. उदाहरणार्थ, १०० किलोच्या काट्यात पूर्ण भारास अवघे १० मिलिव्होल्ट मिळतात असे धरू. हा दाब ॲम्प्लिफायर अनेकपट वाढवितो. नंतर अंकपरिवर्तक त्याचे समान भाग मोजून आकडा दाखवितो. १० बिटांचा परिवर्तक १,०२४ भाग करतो, १२ बिटांचा ४,०९६, तर २४ बिटांचा १,६७,७७,२१६. म्हणजे १०० किलोंत एक भाग अनुक्रमे सुमारे ९८ ग्रॅम, २४ ग्रॅम, आणि ग्रॅमच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी.

आता ॲम्प्लिफायर शेकडा ०.१ चुकत असेल, तर पूर्ण भारास १०० ग्रॅमचा फरक आधीच पडलेला असतो. पुढे २४ बिट लावले तरी तो फरकच अधिक बारकाईने मोजला जातो. पायलीच लहान असेल, तर तिच्यातील दाणे मोजून काय लाभ? अशा ठिकाणी १२ बिट पुरेत. कारण त्याचा एक भाग ॲम्प्लिफायरच्या चुकीच्या चौथ्या हिश्श्याइतका आहे. उलटपक्षी, उत्तम ॲम्प्लिफायरपुढे ८ बिटांचा परिवर्तक बसविल्यास एक भाग ३९० ग्रॅमचा होतो व ॲम्प्लिफायरवरील खर्च वाया जातो.

चूक दोन प्रकारची असते. उन्हाने शून्य सरकते. आमच्या उदाहरणात आरंभीचे १० मायक्रोव्होल्ट म्हणजे १०० ग्रॅम. रिकाम्या तबकावर शून्य करून घेतल्यास ही चूक निघते. परंतु वाढविण्याचे प्रमाणच चुकले असेल, तर शून्य करूनही ती राहते, व अनेक वेळा तोलून सरासरी काढल्यानेही जात नाही. शेकडा ०.१ या हिशेबाने ५० किलोच्या पोत्यामागे ५० ग्रॅम, म्हणजे शंभर पोत्यांत ५ किलो धान्य जाते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, आकड्यांच्या संख्येस भुलू नये. माल तोलण्यापूर्वी शून्य पाहावे, काट्यावरील सरकारी पडताळणीचा छाप पाहावा, आणि छापाची वजने अर्ध्या व पूर्ण भारापर्यंत ठेवून काट्याची परीक्षा करावी.