नॉवू ते सॉल्ट लेक : एका स्थलांतराच्या खुणा

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात मिसिसिपी नदी एक मोठे वळण घेते. त्या वळणाच्या काठी नॉवू नावाचे गाव आहे. आज तेथील वस्ती हजाराच्या आतबाहेर. परंतु १८४५ च्या सुमारास तेथे अकरा-बारा हजार माणसे नांदत होती आणि शिकागोशी त्या गावाची तुलना होत असे. ही वस्ती मॉर्मन पंथाच्या लोकांची. पुढच्या एकाच वर्षात बहुतेक सारे गाव रिकामे झाले. ते का झाले आणि ती माणसे कोठे गेली, हे त्या वाटेने प्रवास करीतच समजून घ्यावे असे आहे.

१८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ या चोवीस वर्षांच्या तरुणाने हा पंथ स्थापन केला. पंथ वाढला तसे शेजाऱ्यांशी वैरही वाढले. हे लोक एकजुटीने मते देत, एकजुटीने जमिनी घेत, आणि पुढे त्यांच्यातील बहुपत्नीत्वाच्या वार्ता पसरल्या. ओहायोतून ते मिसूरीत गेले. तेथे १८३८ मध्ये गव्हर्नर बॉग्ज यांनी, मॉर्मनांचा नायनाट करावा अथवा त्यांस राज्याबाहेर घालवावे, असा लेखी हुकूमच काढला. हा हुकूम कागदोपत्री रद्द व्हावयास १९७६ साल उजाडावे लागले! मिसूरीतून हाकलले गेलेले लोक नॉवूस आले, आणि २७ जून १८४४ रोजी जवळच्या कार्थेज गावच्या तुरुंगात जमावाने जोसेफ व त्याचा भाऊ हायरम यांस गोळ्या घातल्या. तो दगडी तुरुंग अद्याप उभा आहे. माडीवरील खोलीच्या दारास बंदुकीच्या गोळीने पडलेले भोक प्रवाशास दाखविण्यात येते.

नॉवूत मात्र प्रवाशाने थोडे सावध राहावे. विटांची टुमदार घरे, लोहाराचा भाता, बैलांच्या गाडीतील फेरी, हे सर्व मोहक आहे; पण त्यातील पुष्कळसे विसाव्या शतकातील जीर्णोद्धाराचे फळ आहे. टेकडीवरील भव्य मंदिर तर अगदी अलीकडचे. मूळ मंदिर १८४८ मध्ये आगीत जळाले, उरलेल्या भिंतींपैकी काही भाग १८५० च्या वावटळीने पाडला. आजची वास्तू त्याच जागी २००२ मध्ये उभी राहिली, आणि तिच्या अंतर्भागात पंथाबाहेरच्या माणसास प्रवेश नाही. येथील कित्येक जुन्या वास्तू पंथाच्या दुसऱ्या शाखेकडे होत्या. त्या २०२४ मध्ये मुख्य शाखेने विकत घेतल्या. एकाच संस्थापकाचे वारसदार सांगणाऱ्या दोन शाखांनी त्याची घरे वाटून सांभाळावीत, हेही या इतिहासाचेच एक अंग होय.

पहिल्या तुकडीने ४ फेब्रुवारी १८४६ रोजी, ऐन थंडीत, नदी ओलांडली. पुढचे आयोवा राज्य पार करणे हे जेमतेम तीनशे मैलांचे काम; पण पाऊस आणि चिखल यांनी चार महिने खाल्ले. याउलट पुढील वर्षी मिसूरी नदीपासून सॉल्ट लेकच्या खोऱ्यापर्यंतचे हजारांहून अधिक मैल ब्रिगहॅम यंगच्या तुकडीने १११ दिवसांत कापले. मधला हिवाळा त्यांनी आजच्या ओमाहा शहरानजीक लाकडी झोपड्यांत काढला. ती जमीन ओमाहा या मूळ रहिवासी जमातीची होती. ती जमात स्वतःच हलाखीत असताना तिच्या रानातील लाकूड व शिकार या पाहुण्यांनी संपवीत आणली. येथील दफनभूमीत शेकडो माणसे विसावली आहेत.

ओमाहानंतर प्रवास खरा रंगतो, कारण तेथून पुढे वास्तू संपतात आणि जमीन बोलू लागते. नेब्रास्कात स्कॉट्सब्लफ गावाजवळ रेल्वेच्या रुळांनजीक रिबेका विंटर्स या स्त्रीची थडगी आहे. १८५२ मध्ये ती पटकीने दगावली. शिळा घडविण्यास वेळ कोठला? एका सोबत्याने गाडीच्या चाकाची लोखंडी धाव घेऊन तीवर तिचे नाव कोरले व ती वाकवून मातीत रोवली. वाटेवरची इतर हजारो थडगी नाहीशी झाली. ही धाव टिकली. पुढे रेल्वेची आखणी करणाऱ्यांस ती दिसली व त्यांनी मार्ग किंचित सरकवला. १९९५ मध्ये सुरक्षिततेसाठी थडगीच थोडी दूर नेण्यात आली. वायोमिंगमध्ये गर्न्सी येथे तर वालुकाश्मात गाड्यांनी घासून पाडलेल्या चाकोऱ्या सुमारे पाच फूट खोल आहेत. ऑरेगॉनला व कॅलिफोर्नियाला जाणारेही याच वाटेने जात. त्यामुळे कोणती रेघ कोणाच्या चाकाची, हे सांगता येणार नाही.

वायोमिंगमध्येच मार्टिन्स कोव्ह हे ठिकाण आहे. युरोपातून येणाऱ्या गरिबांस बैलगाडी परवडत नसे, म्हणून १८५६ पासून हातगाड्यांची योजना निघाली. माणशी सतरा पौंड सामान, आणि ओढायचे माणसांनीच. त्या वर्षी शेवटच्या दोन तुकड्यांतील सुमारे हजार माणसे उशिरा निघाली; गाड्या ओल्या लाकडाच्या होत्या, त्या वाळताना फुटू लागल्या. लेव्हाय सॅव्हेज या अनुभवी माणसाने निघू नये असे बजावले होते. त्याचे कोणी ऐकले नाही, तरी तो सोबत गेला. ऑक्टोबरमध्ये बर्फाने गाठले. सॉल्ट लेकहून मदतीच्या गाड्या धावल्या, तरीही दोनशेहून अधिक माणसे मेली. आज तेथे तरुण मंडळी हौसेने हातगाड्या ओढतात. त्यांच्या भक्तीविषयी शंका नाही. पण निर्णय घेणाऱ्यांची चूक त्या कथेत बहुधा हळू आवाजात सांगितली जाते.

या पंथाचे प्रचारक दूरवर जात. ह्यू फिंडले हा त्यांपैकी एक १८५१ मध्ये मुंबईस उतरला आणि पुढे पुण्यातही त्याने प्रचार केला; फारसे यश आले नाही.

१८६९ मध्ये रेल्वे आली व गाड्यांचे युग संपले. तोवर सुमारे सत्तर हजार माणसे सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचली होती. बहुतेक प्रवासी शहराच्या वेशीवरील स्मारक पाहून परततात. परंतु दक्षिणेस सुमारे तीनशे मैलांवर माउंटन मेडोज नावाचे एक कुरण आहे. तेथे गेल्यावाचून ही यात्रा पुरी होत नाही. सप्टेंबर १८५७ मध्ये संघराज्याचे लष्कर युटावर चालून येत असता, भयाने पिसाटलेल्या स्थानिक मॉर्मन शिबंदीने काही पाय्यूट लोकांस हाताशी धरून, कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या सुमारे १२० प्रवाशांची पांढरे निशाण दाखवून कत्तल केली. केवळ सतरा लहान मुले वाचली; ती १८५९ मध्ये आर्कान्सास येथे नातलगांच्या स्वाधीन करण्यात आली. शिक्षा एकालाच झाली : जॉन ली यास १८७७ मध्ये त्याच कुरणात गोळ्या घालण्यात आल्या. लष्कराने १८५९ मध्ये तेथे दगडांची रास रचून वर लाकडी क्रूस उभारला होता. ती पुढे मोडण्यात आली. आजची रास १९९९ ची आहे. २००७ मध्ये, दीडशे वर्षांनी, पंथाच्या वतीने तेथे जाहीर खेद व्यक्त झाला, आणि २०११ मध्ये त्या जागेस राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.